६५ ऐवजी ५५ इंची टीव्ही का सुचवला: तुमच्या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या टीव्हीच्या दुकानाला ऑनलाइन रिव्ह्यूत तुम्ही एक तारा दिलात आणि चार गोष्टी लिहिल्यात. ६५ इंची घ्यायला आलो होतो, बजेटही होतं, तरी मालकांनी, म्हणजे मी, ५५ इंची गळ्यात मारला. दुकानात चित्र लख्ख दिसत होतं, घरी मालिका पुसट दिसतात. रात्री दिवे घालवून सिनेमा लावला की काळा भाग राखाडी दिसतो. आणि दिवाळीत हाच टीव्ही ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त होता.

घरातला पहिला मोठा टीव्ही, आई-बाबांना सोबत घेऊन दसऱ्याच्या मुहूर्तावर नेलेला, आणि त्यानंच घरच्यांचं मन खट्टू व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच लिहून मी मोकळा होणार नाही. तुमचे प्रश्न बऱ्याच घरांचे असतात. त्यांची उत्तरं इथं सगळ्यांसमोर असलेली बरी.

आधी आकाराचं. तुम्ही मोबाइलवर हॉलचा फोटो दाखवलात आणि मी घरून मापं मागवायला लावली, हे तुम्हाला आठवत असेल. शोकेसचा खण सव्वाचार फुटांचा निघाला, म्हणजे साधारण १३० सेंटिमीटर. टीव्हीवर लिहिलेले इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, तिरके असतात. खणात मावायला हवी ती रुंदी. ५५ इंची टीव्ही कडांसकट सुमारे १२३ सेंटिमीटर रुंद असतो आणि ६५ इंची १४५ च्या आसपास. ६५ बसवायचा तर शोकेस तोडावं लागणार होतं, आणि शोकेसला हात लावायचा नाही असं बाबांनी तिथंच सांगितलं होतं.

पण खण हे एकच कारण नव्हतं. तुमचा सोफा पडद्यापासून साडेसात फुटांवर, म्हणजे ९० इंचांवर आहे. सर्व प्रकारचे कार्यक्रम आरामात बघायचे असतील तर पडद्याच्या इंचांना १.६ नं गुणायचं आणि साधारण तेवढं अंतर ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. ५५ ला गुणलं की ८८ इंच येतात. तुमच्या हॉलला याहून नेमकं माप मिळणार नाही.

आता हेही प्रामाणिकपणे सांगतो की, नुसता ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून, फोरके (खूप जास्त ठिपक्यांच्या, बारीक चित्राचा) सिनेमा बघणारं घर असतं तर याच साडेसात फुटांवर मी ६५ खुशाल दिला असता. फोरकेला १.२ पटीपर्यंत जवळ बसलं तरी चित्र फुटत नाही. शिवाय मोठा टीव्ही विकण्यात दुकानदाराचाच फायदा असतो. तरी मी थांबवलं, कारण टीव्ही सगळ्यांत जास्त कोण बघणार असं मी विचारल्यावर तुम्ही आणि वहिनींनी एकाच वेळी आईंकडं बघितलंत. दुपारपासून रात्रीपर्यंत केबलवरच्या मालिका, बातम्या आणि कीर्तन, आणि पॅकेज साधं, एसडीचं, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्राचं.

एसडी चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजार ठिपके. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. बरोबर वीसपट. केबलवरून आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरून काढावे लागतात. उरलेले एकोणीस तो अंदाजानं रंगवतो. लहान आकाराचा फोटो वाढवून फ्लेक्सवर छापला की चेहरा जसा विस्कटतो, तसंच हे. जुन्या ३२ इंचीवर हीच मालिका नीट दिसायची, कारण तिथं चित्र एवढं ताणावं लागत नव्हतं. ६५ वर हा पुसटपणा आणखी वाढला असता आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त आईंना झाला असता.

तुमच्या रिव्ह्यूसोबतचा फोटो मी मोठा करून बघितला. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर गेलेली दिसते. कंपनीचा माणूस टीव्ही बसवून गेल्यावर केबलवाल्यानं बॉक्स जोडला, असं तुम्हीच लिहिलंय. त्या वायरीतून एचडी, म्हणजे एसडीपेक्षा जास्त ठिपक्यांचं, चित्र येऊच शकत नाही, मग चॅनेल एचडी असो वा नसो. बॉक्स बदलून एचडीचा घ्या, चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरनं जोडा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८०आय या एचडीच्या पर्यायावर ठेवा. स्टार प्रवाह आणि झी मराठीचे एचडी चॅनेल आहेतच. आई जे चार-पाच चॅनेल बघतात तेवढेच एचडी घेतले तरी पुरे, अख्खं महागडं पॅकेज घ्यायची गरज नाही.

दुकानात लख्ख दिसायचं कारण वेगळं. तिथं पेनड्राइव्हवरून कंपनीचं फोरके चित्रण चालू असतं आणि टीव्ही दुकानाच्या मोडवर असतो, म्हणजे उजेड आणि रंग शेवटपर्यंत वाढवलेले. भरपूर ट्यूबलाइटखाली, शेजारी दहा टीव्ही लावलेले असताना तो उठून दिसावा म्हणून कंपन्या ते तसं देतात. म्हणून तर मी तुमच्यासमोर केबल लावून दाखवली होती. घरी पहिल्यांदा चालू करताना ‘घर’ हा पर्याय निवडला जातो, बहुतेक टीव्हींत त्यासोबत वीज वाचवायची सेटिंगही चालू होते, आणि दिवसा उजेडाच्या हॉलमध्ये चित्र मंद वाटतं. पिक्चर मेनूमधली ती सेटिंग बंद करा. मोड ‘स्टँडर्ड’ ठेवा, रात्री सिनेमाला ‘सिनेमा’. शार्पनेस मात्र वाढवू नका, उलट निम्म्यावर आणा. पुसट दिसतंय म्हणून सगळे आधी तेच वाढवतात आणि केबलच्या चित्राभोवतीची खरखर आणखी ठळक होते.

काळा रंग राखाडी दिसतो ही तुमची तक्रार खरी आहे, आणि ती दुरुस्तीनं जाणार नाही. या किमतीत एलईडी टीव्हीचे पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारे पडदे, मुख्यतः दोन जातींचे येतात. व्हीए पॅनेलचा काळा गडद असतो, पण बाजूला बसून बघितलं की रंग उडालेले दिसतात. आयपीएस पॅनेल बाजूनंही नीट दिसतं, मात्र अंधारात त्याचा काळा थोडा राखाडी होतो. तुमच्या फोटोत आईंचा दिवाण खिडकीखाली, पडद्याच्या बराच बाजूला होता. म्हणून मी आयपीएस सांगितला आणि दोन्ही टीव्ही शेजारी लावून बाजूला उभं राहून बघायलाही सांगितलं. दोन्हीकडचं हवं असेल तर ओएलईडी घ्यावा लागतो, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः विझतो. पण त्याची किंमत तुमच्या ६५ इंचीच्या बजेटच्याही बरीच पुढं जाते. तुम्हाला सिनेमा प्रिय आहे हे मी समजू शकतो. टीव्हीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, एक मंद पिवळा दिवा लावून बघा. डोळ्यांना काळा बराच गडद वाटतो आणि डोळे दुखतही नाहीत.

किमतीबद्दल थोडक्यात. ऑनलाइन सेलमध्ये दोन हजारांचा फरक पडू शकतो, ते मी नाकारत नाही. फक्त पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच कंपनीच्या एकाच आकारात वेगवेगळ्या सिरीज असतात आणि पॅनेल, स्पीकर, एचडीएमआयचे पोर्ट बदलतात. मुळात तुम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा आलात तेव्हा मीच तुम्हाला थांबा म्हणालो होतो. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून, नेमका घटस्थापनेला, २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ५० हजारांच्या बिलामागं ते साधारण ३,९०० रुपये होतात. स्टॅबिलायझरही तुम्ही मागितलात आणि मी दिला नाही, कारण तुमच्या टीव्हीच्या मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, तेवढा चढउतार तो स्वतः सांभाळतो. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता मी काय करू शकतो ते. आमचा माणूस तुम्ही सांगाल त्या दिवशी एचडीएमआय वायर घेऊन येईल, वायरीचे आणि येण्याचे पैसे नाहीत. आई घरी असतील अशीच वेळ द्या, म्हणजे त्यांच्या जागेवर बसून, त्यांच्या चॅनेलवर रंग आणि आवाज लावून घेता येईल. तो पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा पडदा लावून पॅनेलही तपासेल. कुठं डाग, रेघ किंवा कोपऱ्यात उजेडाचा ठिपका आढळला तर तो वॉरंटीचा विषय होऊ शकतो, कंपनीकडं तक्रार मी स्वतः नोंदवेन. कंपनीनं टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार करायला लागणारी बिलाची प्रतही मी देईन.

हे सगळं करूनही ६५ च हवा असं घरात ठरलं, तर स्पष्ट सांगतो, बसवलेला टीव्ही मला नवा म्हणून दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, त्यामुळं सरळ बदलून देणं शक्य नाही. वापरलेला म्हणून घेऊन त्याची रास्त किंमत मी कागदावर लिहून देईन. पण तो निर्णय एचडी बॉक्स लागल्यावर किमान आठवडाभर बघून घ्या, आणि शोकेसचं काय करायचं ते आधी बाबांशी बोला.

केबलवाल्याला फोन करताना तुमच्या सेट-टॉप बॉक्सचा कार्ड नंबर हाताशी ठेवा, तो बहुतेक वेळा बॉक्सच्या खालच्या बाजूला लिहिलेला असतो. एचडी बॉक्ससाठी तो किती डिपॉझिट मागतो ते मला कळवा, जास्त वाटलं तर मी त्याच्याशी बोलतो.