‘कॅथलिक आई घराबाहेर पडत नाही’ म्हणणारा मेसेज कुठे चुकतो

भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून नवापूरच्या पाड्यांपर्यंत, कॅथलिक कुटुंबांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : चर्चने आईची कमाई अमान्य केली, समाजात काम केलं ते फक्त सिस्टरांनी, आणि लेकुरवाळ्या बाईने राजकारणात पडणं धर्माला चालत नाही. कुणी तो अभिमानाने पाठवतं, कुणी चर्चला नावं ठेवायला. तपासून मात्र कुणीच पाठवत नाही.

आधी कमाईचं. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या विश्वपत्रात, म्हणजे पोपने सगळ्या चर्चला लिहिलेल्या पत्रात, बाईचा स्वभाव घरकामाला अनुकूल, असं खरोखरच लिहिलेलं आहे. ते लपवायचं कारण नाही. पण मेसेजवाले ज्याचा आधार घेतात तो १९३१ च्या, अकरावे पायस यांच्या विश्वपत्राचा परिच्छेद ७१ पूर्ण वाचावा. आईचं काम मुख्यतः घरात किंवा घराजवळ, असं तिथे आहेच. पुढे मात्र म्हटलं आहे, की बापाची मजुरी अपुरी म्हणून आईला मुलं सोडून बाहेर राबावं लागणं हा अन्याय आहे आणि तो बंद झाला पाहिजे. बोट आईकडे नाही, कमी मजुरीकडे आहे.

आणि कमावती आई संत झालेलीच आहे. फ्रान्समधल्या आलाँसों गावच्या झेली मार्टिन यांनी १८५३ मध्ये स्वतःचा लेसचा धंदा उभा केला. ही लेस सुईने विणतात. नक्षी चर्मपत्रावर टोचून घ्यायची, रेघेवर धागा बसवायचा, मग जाळी, मग भरण. एका चौरस सेंटीमीटरला ७ तास लागतात. कारागीर बायका आपापल्या घरी छोटे तुकडे विणायच्या. आपल्याकडे पापड घरोघरी लाटायला देतात, तशीच रीत. सगळ्यात नाजूक काम जोडणीचं, कारण जोड डोळ्यात भरला की अख्ख्या नगाची किंमत गेली. ते झेली स्वतः करायच्या. १८७० मध्ये नवऱ्याने घड्याळांचं दुकान भाच्याला देऊन बायकोच्या धंद्यात हात घातला. नऊ बाळंतपणं, चार मुलं लहानपणीच गेली. २०१५ मध्ये नवरा-बायको दोघांना एकत्र संतपद मिळालं. बाळ येशूची संत तेरेजा ही त्यांचीच धाकटी.

‘फक्त सिस्टरांनी’ हेही टिकत नाही. एलिझाबेथ सीटन यांनी १८०९ मध्ये अमेरिकेत धर्मभगिनींचा संघ स्थापला, तेव्हा त्या पाच मुलांची विधवा आई होत्या. मुलांचं पालकत्व सोडायला त्यांनी नकार दिला आणि संघाने ते मान्य केलं. इटलीच्या संत डॉ. जान्ना मोल्ला पोटातलं बाळ वाचवताना गेल्या; त्यांचं ते मरणच तेवढं सांगितलं जातं. तीन मुलं झाल्यावरही त्या दवाखाना चालवत होत्या, हे कुणी सांगत नाही. हे गाळणं आम्हाला जास्त खटकतं.

राहिलं राजकारण. २१ ऑक्टोबर १९४५ ला पोप बारावे पायस यांनी इटलीच्या कॅथलिक बायकांना सांगितलं, की सार्वजनिक जीवनाला तुमची गरज आहे. कम्युनिस्टांना रोखण्याचा हिशेबही त्यामागे होता, हे मान्य. पण पुढच्या जूनमध्ये संविधान सभेवर ज्या २१ स्त्रिया निवडून आल्या, त्यांतल्या ९ कॅथलिक विचारांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या होत्या. मारिया येर्वोलिनो त्यांतल्याच. त्या वेळी त्यांची मुलगी रोझा दहाव्या वर्षात होती; हीच रोझा १९९८ मध्ये इटलीची पहिली महिला गृहमंत्री झाली.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. अर्ज भरायला निघालेल्या एखाद्या मायला कुणी हा मेसेज दाखवलाच, तर १९८३ च्या चर्च कायद्यातली कलमं २८५ आणि ६७२ उघडावीत. सत्तेच्या पदावर बसायला मनाई आहे ती फादरांना आणि सिस्टरांना. प्रापंचिक बाईला, मग तिला मुलं किती का असेनात, ती मनाई लागू नाही.