‘बिल्ला बघा आणि डोळे मिटून घ्या’: जुन्या इस्टेट गाडीबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

इंग्लंडातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या तोंडावर एक मेसेज हमखास फिरतो. आईबाबा पुण्याहून यायचे असतात. चार मोठ्या बॅगा, बाळाची प्रॅम आणि माणसं हीथ्रोवरून एका खेपेत घरी आणायची असतात, आणि असलेली छोटी हॅचबॅक पुरणार नसते. मग कुणीतरी तो मेसेज पुढे ढकलतं. मजकूर थोडक्यात असा: एसयूव्हीवर पैसे उडवू नका, जुनी प्रीमियम इस्टेट (म्हणजे स्टेशन वॅगन) घ्या. व्होल्व्हो, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, कुठलीही चालेल, या गाड्या मरत नाहीत. एक लाख मैलांच्या आतली बघा. फुल सर्व्हिस हिस्टरी आणि ताजी एमओटी (इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी) असली की डोळे मिटून घ्या. डीलर लुटतो, थेट मालकाकडून घ्या.

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. लांब, बुटकी, मागे अख्खं कपाट मावेल अशी इस्टेट मला कुठल्याही एसयूव्हीपेक्षा जास्त आवडते, आणि दोन वापरून झाल्यावर हे बोलतोय. भांडण आहे ते उरलेल्या प्रत्येक वाक्याशी.

आपल्याकडे इस्टेट म्हटलं की जमीनजुमला. 1992 साली टेल्कोने टाटा इस्टेट बाजारात आणली तेव्हा आमच्या आजोबांनी ‘कुठली इस्टेट? कुणाच्या नावावर?’ असं विचारलं होतं, ते घरात अजून सांगतात. आजोबांचा प्रश्न बरोबर होता असं मला आता वाटतं. जमीन घेताना नुसतं गावाचं नाव ऐकून कुणी इसार देत नाही. सातबारा काढतो, फेरफार बघतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र तीच शहाणी माणसं बिल्ला बघून पैसे मोजतात.

‘या गाड्या मरत नाहीत.’ इथे 30 लाख मैल चाललेल्या व्होल्व्होचा दाखला येतोच. ती गाडी खरी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या अर्व गॉर्डन नावाच्या शिक्षकाने 1966 साली घेतलेली पी1800 गाडी 2013 साली 30 लाख मैलांवर गेली. पण ती इस्टेट नव्हती, दोन दारांची कूपे होती. तिच्यात ना संगणक होते ना डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर. वाटेत तिचं इंजिन उघडून पुन्हा बांधलं गेलं, आणि मालक तेलबदलाच्या बाबतीत सोवळ्यातल्या आजीइतका कडक होता. तिच्यावरून 2009 च्या व्ही70 या व्होल्व्हो इस्टेटबद्दल बोलणं म्हणजे पणजोबा शंभरी गाठून गेले म्हणून पणतवाने विमा न काढण्यासारखं आहे.

बरं, ‘2009 ची व्ही70’ हेसुद्धा पुरेसं वर्णन नाही. त्या पिढीत व्होल्व्होचं स्वतःचं पाच सिलिंडरचं 2.4 लिटरचं डी5 हे डिझेल इंजिन होतं, तसंच फोर्ड आणि प्यूजो-सित्रोएन यांच्या भागीदारीतलं छोटं चार सिलिंडरचं डिझेलही होतं. बिल्ला एकच, पोटातलं यंत्र निराळं.

बीएमडब्ल्यूचं उदाहरण याहून बोलकं आहे. 5 सिरीज टूरिंगच्या (बीएमडब्ल्यू इस्टेटला टूरिंग म्हणते) मागच्या दारावर ‘520डी’ लिहिलेलं असतं. 2007 च्या आधी त्याचा अर्थ एम47 इंजिन. 2007 पासून एन47. 2014 पासून बी47. यातल्या एन47 ची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. 2007 ते 2011 च्या सुमाराच्या गाड्यांमध्ये ही चेन झिजून तुटल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की इथल्या कुठल्याही स्वतंत्र मेकॅनिकपुढे नुसतं ‘एन47’ म्हणा, तो आधी खुर्ची ओढून बसेल. चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने ती मजुरी जीवघेणी असते. ‘बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे आयुष्यभराची काळजी मिटली’ हे वाक्य इथेच संपतं. उलट व्होल्व्होच्या डी5 ला चेनऐवजी बेल्ट आहे, तो ठरल्या मुदतीत बदलावा लागतो, आणि बदलला की विषय मिटतो.

मर्सिडीजमध्येही तेच. ई-क्लास इस्टेटच्या एस212 या पिढीच्या सुरुवातीच्या, म्हणजे 2009 नंतरच्या ई220 सीडीआयमध्ये ओएम651 इंजिन आलं आणि त्याच्या पहिल्या इंजेक्टरांनी (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांनी) बराच त्रास दिला. पुढे कंपनीने इंजेक्टरांचा प्रकारच बदलला. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न इंजिनाचा कोड आणि गाडी बनल्याचा महिना. रंग नंतर.

विश्वासार्हतेच्या याद्या दाखवणाऱ्यांना एकच सांगतो: यादी काय मोजते ते आधी वाचा. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीची एक पाहणी नव्या गाडीचे पहिले 90 दिवस मोजते, दुसरी तीन वर्षांच्या गाड्यांची. जर्मनीत एडीएसी हा मोटारचालकांचा क्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजतो, टीयूव्ही या तपासणी संस्था तपासणीत सापडलेले दोष. तुम्ही बारा वर्षांची, तिसऱ्या मालकाकडची गाडी घेताय.

‘एक लाख मैलांच्या आतली बघा.’ हा आकडा कुठून आला देव जाणे. गोल आहे म्हणून लक्षात राहतो, बस. इथे कंपनीने दिलेल्या गाडीवरचा कर 2002 पासून कार्बन उत्सर्जनावर ठरू लागला, आणि त्यानंतर मॅनेजर मंडळींनी डिझेलची कास धरली. बाजारातल्या पुष्कळ जुन्या प्रीमियम इस्टेट अशा कंपनीच्या गाड्या होत्या. मोटरवेवर, गरम इंजिनावर, एका गिअरमध्ये वर्षाला वीस-पंचवीस हजार मैल पळालेली गाडी आणि शाळा-सुपरमार्केट-शाळा करत दहा वर्षांत साठ हजार झालेली गाडी, यांत मी पहिली आधी बघायला जाईन. डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर स्वतःला साफ करायला लांब, गरम फेरी मागतो. ती मिळाली नाही की तो चोंदतो, आणि अर्धवट राहिलेल्या सफाईत जादा डिझेल इंजिनच्या तेलात उतरतं.

एमओटीचा इतिहास इथे कामाला येतो, आणि तो गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. दरवर्षीचा मैलांचा आकडा एका कागदावर उतरवा. समजा पहिली चार वर्षं दरसाल 22,000, मग मालक बदलला आणि दरसाल 2,500. एकूण आकडा लाखाच्या आसपासच. मेसेजच्या हिशेबाने उत्तम गाडी. मला मात्र त्या दुसऱ्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. मोटरवेची सवय झालेलं डिझेल एकदम गल्लीत आलं, त्या वर्षांत फिल्टरचं काय झालं? आणि आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला, तर पुढे वाचायची गरजच नाही.

‘फुल सर्व्हिस हिस्टरी असली की झालं.’ इथे मी स्वतः पोळलोय. माझी पहिली इस्टेट (कंपनीचं नाव राहू दे) घेताना सर्व्हिसच्या पुस्तकातले शिक्के बघून मी इतका हरखलो, की त्यांच्यामधलं अंतर मोजलंच नाही. साडेआठ हजार मैलांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना मागून कुणी ढकलावं तसा हिसका देऊ लागला. पुस्तक पुन्हा उघडलं. एक लाख मैलांत इंजिनतेल सहा वेळा बदललेलं, गिअरबॉक्सचं एकदाही नाही. कारण ते ‘आयुष्यभरासाठी भरलेलं’.

कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे कुणी विचारत नाही. बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. गाडी विकणारे सांगतात नको. पहिल्या मालकाचा तीन-चार वर्षांचा खर्च कागदावर कमी दिसावा, यात गाडीवाल्यांचा फायदा उघड आहे. इंजिनतेलाचंही तसंच. ऑडीच्या लाँगलाइफ योजनेत दोन सर्व्हिसमधलं अंतर 30,000 किलोमीटरांपर्यंत, म्हणजे जवळजवळ 19,000 मैलांपर्यंत जाऊ शकतं. अशा गाडीची हिस्टरी ‘फुल’ असते, खोटीही नसते. फक्त त्या फुलात पाकळ्या पाचच.

म्हणून शिक्के नकोत, बिलं हवीत. कोरी सर्व्हिस पुस्तकं आणि रबरी शिक्के इंटरनेटवर विकत मिळतात. बिलावर मात्र तारीख, मैल, तेलाचा ग्रेड आणि बदललेल्या भागाचा नंबर असतो. एखाद्या मालकाने डबाभर बिलं पुढे केली आणि त्यात गिअरबॉक्सचं तेल, फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर मागच्या कपलिंगचं तेल, ब्रेकचं तेल असं सगळं निघालं, तर शिक्के कमी असले तरी त्याच्याशी भावाची बोलणी मी हसतमुखाने करतो.

‘ताजी एमओटी.’ दोन ओळींचं काम. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासतच नाहीत. ब्रेक, टायर, दिवे, गंज, धूर हे त्या दिवशी ठीक होतं, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं.

‘डीलर लुटतो.’ काही लुटतात. पण 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर पहिले 30 दिवस ती परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. खासगी विक्रेत्याकडून घेतली तर ‘वर्णनाप्रमाणे असावी’ यापलीकडे हातात फारसं काही नाही. शिवाय खासगी म्हणवणारे सगळे खासगी नसतात. फोनवर फक्त ‘गाडीच्या जाहिरातीबद्दल बोलतोय’ म्हणा. ‘कुठली गाडी?’ असा प्रश्न आला, तर समोर एक नाही, अनेक गाड्या आहेत.

कागदपत्रांचंही आपल्या सातबाऱ्यासारखंच आहे. सातबारा म्हणजे मालकी नव्हे, तसं व्ही5सी नावाचं लॉगबुकही मालकीचा पुरावा नाही. त्याच्यावरच तसं छापलेलं असतं. ‘इतर हक्कां’त बोजा आहे का, म्हणजे गाडीवर कर्ज आहे का, आणि अपघातानंतर विमा कंपनीने तिला एस किंवा एन वर्गात (दुरुस्त होण्याजोगी, पण विम्याच्या हिशेबात निकालात काढलेली) टाकलं होतं का, हे थोडे पौंड मोजून कळतं.

आता मेसेजमध्ये जे नाहीच, त्याबद्दल. इस्टेटची तपासणी मागून सुरू करायची असते, आणि सगळे जण बॉनेट उघडून उभे राहतात. मर्सिडीजच्या एस211 आणि बीएमडब्ल्यूच्या ई61 या इस्टेटना मागे हवेवरचं सस्पेन्शन असतं, भार टाकला तरी गाडी सपाट राहावी म्हणून. हवेच्या पिशव्या म्हाताऱ्या झाल्या की उभ्या गाडीचं बूड रात्रभरात बसतं. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी लांब उभं राहून बाजूने बघा. मागचं दार रोज उघडून-मिटून बिजागरापाशी वायरी तुटतात, मग नंबरप्लेटचा दिवा, वायपर, कुलूप एकेक करत रुसतात. सामानाच्या जागेतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. ओल लागली तर ती फक्त ओल नाही; ई61 मध्ये त्याच भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्या बसवलेल्या आहेत. ट्रेलर ओढायचा हुक दिसला तर काय ओढत होतात ते विचारा. ‘कुटुंबाची गाडी, जपून वापरलेली’ या वाक्यामागे कधीकधी दीड टनांचा कॅरॅव्हॅन असतो.

आणि हीथ्रो. सप्टेंबर 2015 पूर्वीच्या बहुतेक डिझेल गाड्या युरो 6 या धुराच्या युरोपीय मानकात बसत नाहीत. 29 ऑगस्ट 2023 पासून लंडनचा अल्ट्रा लो एमिशन झोन, म्हणजे अशा गाड्यांवर दिवसाचा आकार लावणारा भाग, शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (स्थानिक विभागांमध्ये) लागू झाला, हीथ्रोही त्यात आलं. म्हणजे ज्या फेरीसाठी गाडी घ्यायची, त्याच फेरीला 12.50 पौंड. नवी असताना चाळीस हजारांची असलेली गाडी चार हजारांत का मिळते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं, की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका मित्रासाठी अशीच एक बघायला गेलो होतो. आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावरच सुरू करू, कारण चेनची खडखड आणि इंजेक्टरची टकटक थंड इंजिनावरच नीट ऐकू येते. पोचलो, तर गाडी धुऊनपुसून दारात उभी. डबाभर बिलं होती, मैल बेताचे होते, रंग तर मित्राच्या बायकोला हवा तोच. मित्र आत बसून सीट मागेपुढे करू लागला. मी सहज बॉनेटवर हात ठेवला. कोमट.

‘म्हटलं, थंडीत तुमचा खोळंबा नको,’ गृहस्थ म्हणाले. उद्या सकाळी पुन्हा येऊ का, असं विचारलं, तर उद्या दुसरं कुणी येणार होतं. त्यांनी चहा दिला, चहा चांगला होता. आभार मानून आम्ही 11:40 च्या ट्रेनने परत आलो.