समुद्र पाहायचा तर सिरोंच्यावरून जा, कुत्र्यासकट

विदर्भातल्या माणसाला समुद्र म्हटलं की अलिबाग, गणपतीपुळे, फार तर गोवा आठवतो. माझं म्हणणं असं की वर्धा, यवतमाळपासून गडचिरोली-गोंदियापर्यंत आपल्या सगळ्यांचा समुद्र पूर्वेला आहे. वर्धा नदी मुलताईहून येते, वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. नागपूरचं सांडपाणी वाहणारी नाग नदीसुद्धा कन्हानमार्गे त्याच रांगेत आहे, त्याबद्दल आंध्रवाल्यांची माफी मागायला हवी. अकोला-बुलढाण्याची पूर्णा तेवढी तापीला जाते, तिकडच्यांनी खुशाल सुरतेकडं बघावं.

तर आम्ही आंध्रात, गोदावरीच्या मुखाशी असलेल्या अंतर्वेदीला गेलो. मी, बायको आणि आमचा कुत्रा भुऱ्या. भुऱ्या गावठी आहे, त्याला कोणी जात विचारली की मी गडचिरोली सांगतो. निघताना बाबा ओट्यावरून म्हणाले, "कुत्र्याले समुद्र दाखवाले चालला का गा?" मी म्हटलं, "मग कोणाकडं ठेवू, तुमच्याकडं?" त्यावर ते गप्प झाले, कारण भुऱ्या त्यांच्या चपला खातो.

लोक विचारतात, गाडीत कशाला झोपायचं, लॉज नाहीत का? आहेत, पण कुत्रा दिसला की रूम "फुल" होते. रेल्वेत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक करा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंबा. एसटीचं तर बोलूच नका. गावठी कुत्र्यासोबत लांब जायचं असेल तर आपल्या ऐपतीच्या माणसाला स्वतःच्या गाडीशिवाय मार्ग नाही.

परदेशात असतं तसं चाकावरचं घर आपल्याकडं विकत घेणं म्हणजे शेत विकणं. जुनी बोलेरो कापून-जोडून तसं काही करू म्हटलं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल चालत नाही. आम्ही काहीच कापलं नाही. सागाच्या दोन फळ्या आडव्या टाकल्या, वर गादी, खाली पाण्याची कॅन, शेगडी, तांदूळ, चटणी. भुऱ्याचं पोतं ड्रायव्हरच्या मागं. फळ्या काढल्या की गाडी जशीच्या तशी. मच्छरदाणी खिडकीला चुंबकानं लावली, ही बायकोची अक्कल, आणि सगळ्या सामानात सर्वात कामाची तीच निघाली.

सिरोंच्याचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा. पूल नव्हता तेव्हा लोक नावेनं जायचे, आता चहा संपायच्या आत कालेश्वर येतं. खासगी गाडीला राज्याच्या सीमेवर फार कोणी अडवत नाही. आमची कागदं बघितली, एमएच ३३ हा गडचिरोलीचा नंबर बघून पोलीस हसला आणि मग भुऱ्याकडं बोट दाखवून तेलुगूत काहीतरी विचारलं. बायको सिरोंच्याची, तिचं अर्धं माहेर तेलुगूच बोलतं. ती बोलत बसली आणि मी रेबीजच्या लसीचं कार्ड हातात धरून उभा. कार्ड कोणी बघितलं नाही, तरी जवळ ठेवा. एटूरनागारमकडून जाणार असाल तर रस्ता अभयारण्यातून आहे, तिथं कुत्र्याला खाली उतरवायचं नाही. मुतायचं असेल तरी नाही.

रात्र मोठ्या पेट्रोल पंपावर काढली, ट्रकवाल्यांच्या रांगेत. उजेड, संडास, पाणी, सगळं होतं. एक ट्रकवाला रात्री येऊन भुऱ्याला पोळी देऊन गेला, बहुतेक त्यालाही बोलायला कोणी पाहिजे होतं.

अंतर्वेदीला वसिष्ठ गोदावरी समुद्राला मिळते, नरसिंहाचं देऊळ आहे. निळ्याशार पाण्याची अपेक्षा ठेवू नका. पाणी गढूळ असतं, नदी आपला गाळ घेऊन येते आणि तो गाळ थोडाफार आपल्याच वावरातला. कोळ्यांच्या वस्तीजवळ एका मावशीला विचारून सुरूच्या झाडाखाली गाडी लावली. भुऱ्यानं आधी लाटेवर भुंकून घेतलं. मग वाळूतल्या खेकड्याच्या बिळात नाक घातलं, खेकडा दुसऱ्या बिळातून निघून पळाला आणि हा पहिल्याच बिळाशी उकरत बसला. नाकावर वाळूचा थर, शिंकतोय, पण ऐकत नाही. खारं पाणी चाटायला गेला तेव्हा मात्र ओढून आणला. ते पोटात गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले, म्हणून गोडं पाणी भांड्यात समोर ठेवायचं. संध्याकाळी अंग साध्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर मीठ खाजवतं.

थंडीत जाणार असाल तर अजून एक. जानेवारी ते मार्च या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि अंडी उकरून खाण्यात कुत्री पुढं असतात. रात्री साखळी सोडायची नाही, आपला कितीही गुणी असला तरी. मे महिन्यात तर निघूच नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो थंड होतो, आणि बंद गाडी उन्हात काही मिनिटांतच तापते.

आता मूळ मुद्दा. २०२१ मध्ये आपल्या राज्यानं कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरच्या घरांच्या पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे. पण त्यातल्या आलिशान गाड्या आम्ही कधी घेणार? आम्हाला उभं राहायला जागा द्या. एक नळ, स्वच्छ संडास, एक दिवा, कुंपण आणि रात्री एक माणूस. पैसे देऊ. पंपवाला धंद्यापायी हे देतो, मग नगरपंचायतीला काय जड आहे? एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीचा मेळा, झाला तेव्हा सिरोंच्याच्या घाटावर बारा दिवस पाणी, संडास, दिवे सगळं उभं राहिलंच होतं की. २०२७ ला गोदावरीचा पुष्कर येतोय, पुन्हा मांडव पडतील आणि पुन्हा उचलले जातील. यावेळी घाटाजवळची एक जागा कायमची राखा. आणि फाटकावर "कुत्र्यांना मनाई"ची पाटी लावू नका, लसीचं कार्ड बघा आणि आत सोडा.