मरे परतला, मग बाकीचे का नाही?

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचा खेळ परत मिळेलच असं नाही" हे माझ्या लेखातलं वाक्य खेळाडूंचं खच्चीकरण करतं, टेनिसपटू अँडी मरे धातूचा खुबा घेऊन नऊ महिन्यांत स्पर्धा जिंकला, जिद्द असली की सगळं होतं. आणि खुब्याच्या दुर्बिणीतून झालेल्या ऑपरेशननंतर चार महिने घरी असलेल्या तुमच्या मुलीला लेख वाचून रडू आलं.

तिला रडू आलं याचं वाईट वाटलं. वाक्य मात्र तसंच ठेवतोय.

मरेची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर धातूची टोपी आणि उखळीत धातूची वाटी बसवली. वर्षभर आधी त्याच खुब्यावर एक शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि ती पुरली नव्हती, हे बहुतेक जण विसरतात. पुढे जूनमध्ये त्यानं फेलिसियानो लोपेझबरोबर लंडनच्या क्वीन्स स्पर्धेतली दुहेरी जिंकली, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वावरिंकाला हरवून एकेरीही. थक्क व्हावं असंच आहे ते. पण त्यानंतर २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, मुख्य दौऱ्यावर एकेरीचं एकही विजेतेपद नाही, आणि ग्रँड स्लॅममध्ये तिसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही मजल नाही. हा एकेकाळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू! मुळात बूट-मोजे चढवतानाही कळ येत होती, ती जावी म्हणून त्यानं ते ऑपरेशन करून घेतलं. टेनिस हा वरचा लाभ.

तुमच्या मुलीचा सांधा तिचाच आहे. हाडाचा फुगवटा घासून काढणं, उखळीच्या कडेची फाटलेली मऊ किनार, म्हणजे लॅब्रम, शिवणं, हा वेगळाच मामला. मरेवरून तिचं भविष्य सांगता येत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. तिच्या ऑपरेशनशी जवळची उदाहरणं हवीत तर बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज घ्या: मार्च २००९ मध्ये ऑपरेशन, मे महिन्यात मैदानावर, त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचं विजेतेपद. आणि ब्राझीलचा टेनिसपटू गुस्तावो कुएर्टेनही घ्या: २००२ मध्ये ऑपरेशन, २००४ मध्ये फ्रेंच ओपनला फेडररचा सरळ सेटमध्ये पराभव, आणि त्याच वर्षी त्याच खुब्यावर पुन्हा शस्त्रक्रिया. त्यातून तो खऱ्या अर्थानं सावरलाच नाही. जिद्दीत दोघांपैकी कोण कमी होता, सांगा. जिद्दीनं कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) वाढत नाही.

आता आकडे, कारण "दहातले आठ-नऊ परततात" असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, एकत्रित आढाव्यांत साधारण तेवढेच निघतात. पण डेन्मार्कमध्ये खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या, १८ ते ३० वयाच्या १८९ खेळाडूंना याहून नेमकं विचारलं गेलं. जुन्याच खेळात, जुन्याच पातळीवर ५७ टक्के होते. आपला खेळ पूर्वीइतकाच उत्तम होतोय असं म्हणणारे मात्र सगळ्यांत मिळून जेमतेम १७ टक्के. म्हणजे कुणी हजेरी मोजतंय, कुणी खेळ मोजतंय. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जमलेल्या तज्ज्ञांनी २०१६ च्या निवेदनात याचसाठी तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: सरावात सामील होणं, आपल्या खेळात परतणं आणि आपल्या दर्जानं खेळणं. माझा लेख तिसऱ्या पायरीबद्दल होता, तुमची उदाहरणं बहुतेक दुसरीवर थांबतात.

चार महिन्यांबद्दल. शिवलेला भाग भरून येण्याआधीच दुखणं शांत होतं, सगळी गोम इथेच आहे. बरं वाटतंय म्हणून पोरं वेगानं धावायला लागतात आणि जांघेच्या पुढच्या बाजूचे स्नायू-कंडरे कुरकुरायला लागतात. मग "ऑपरेशन फसलं" अशी बोंब. कॅलेंडरपेक्षा पाय काय म्हणतो ते बघावं: एका पायावर बसून उठताना गुडघा आत कोसळतो का, एका पायावरच्या उडीत दोन्हीकडे किती फरक आहे, सलग जोराच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी सांधा कसा वाटतो. यात एक मेख आहे. तुलना "चांगल्या" पायाशी होते, पण तोही या महिन्यांत सुस्तावलेला असतो, आणि फुगवटा अनेकदा दोन्हीकडे असतो. दोन्ही पाय सारखे निघाले म्हणजे दोन्ही तयार आहेत असं समजू नका. शस्त्रक्रियेआधीची मोजमापं असतील तर ती फिजिओसमोर ठेवा.

तिच्यासाठी यापेक्षाही महत्त्वाचा कागद म्हणजे ऑपरेशनची नोंद. ती मागून घ्या आणि दोन गोष्टी बघा: लॅब्रम शिवलंय की नुसतं छाटलंय, आणि आतली कूर्चा कशी दिसली. आणि एक्स-रेत दिसणारी सांध्यातली दोन हाडांमधली फट २ मिलीमीटरहून कमी उरली असेल तर अपेक्षा खाली आणाव्या लागतात. कूर्चा शाबूत असेल आणि फट नीट असेल, तर माझ्या त्या वाक्यातलं "मिळेलच असं नाही" तिला इतरांपेक्षा बरंच कमी लागू आहे, हे तिला जरूर वाचून दाखवा.