मतदान न करणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी

प्रत्येक निवडणुकीनंतर मतदानाची टक्केवारी जाहीर होते आणि ‘लोकांना लोकशाहीची किंमतच नाही’ असा निकाल लगेच दिला जातो. मला हा निकाल मनापासून खटकतो. मत न देणारा प्रत्येक जण सुट्टी साधून सहलीला गेलेला असतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. तसे लोक आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही; परंतु अनेक देशांत मतदानात मागे राहणाऱ्यांमध्ये तरुण, भाडेकरू, स्थलांतरित मजूर आणि तुटपुंज्या उत्पन्नाचे लोक सातत्याने अधिक दिसतात. हे सगळे गट एकदमच आळशी निघाले, हे पटण्यासारखे नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे उदाहरण घ्या. करार संपला की घर बदलते, पण मतदार यादीतले नाव जुन्याच पत्त्यावर राहते. मतदानाच्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून जवळच्या केंद्रावर जातो, तिथला माणूस यादीची पाने पुन्हा पुन्हा उलटतो आणि शेवटी ‘तुमचे नाव इथे नाही’ असे सांगतो. पुढच्या निवडणुकीत हा माणूस घरीच थांबला, तर आपण त्याला उदासीन म्हणून मोकळे होतो. जर्मनीत रहिवासी नोंदणीवरूनच मतदार यादी तयार होते, त्यामुळे तिथे हे ओझे मतदाराच्या डोक्यावर नसते.

दिवस कोणता निवडला जातो, यानेही फरक पडतो. अमेरिकेत 1845 च्या कायद्याने ठरलेला नोव्हेंबरमधला मंगळवार आजही कायम आहे, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसल्याने तासाच्या हिशेबाने मजुरी मिळवणाऱ्याला रांगेतला प्रत्येक तास पदरमोड करून काढावा लागतो. भारतात कायद्याने भरपगारी सुट्टी आहे, पण परराज्यात कामाला गेलेल्या मजुराला ती अपुरी पडते, कारण मत गावाकडे आणि पोट दुसरीकडे. अशा मतदारांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये, एकाच ठिकाणाहून 72 मतदारसंघांचे मतदान घेऊ शकेल अशा यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. 2024 ची लोकसभा निवडणूक मात्र त्याविनाच पार पडली. कच्च्या कैद्यांचा प्रश्न तर कोणी काढतही नाही: गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही तुरुंगात असेपर्यंत त्यांना मत देता येत नाही.

नियम बदलले की आकडे किती बदलतात, हे ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे 1922 मध्ये साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान सक्तीचा कायदा आल्यावर 1925 मध्ये 91 टक्क्यांवर गेले. नेदरलँड्समध्ये 1970 साली सक्ती उठली आणि पुढच्याच संसदीय निवडणुकीत मतदान सुमारे 95 वरून 79 टक्क्यांवर आले. मी सक्तीचा पुरस्कर्ता नाही, पण दोन्ही ठिकाणी माणसे तीच होती.

गरिबी हेच मूळ कारण आहे, असेही मला वाटत नाही. भारतात खेड्यांतले मतदान सामान्यतः मोठ्या शहरांपेक्षा जास्त असते, कारण तिथे कार्यकर्ता दाराशी येतो, नावाने हाक मारतो आणि मत न दिल्यास विचारणाही होते. ज्यांच्या दाराशी कोणी येत नाही, त्यांना आपल्या मताची कोणाला गरज आहे असे का वाटावे? पक्षही मते पडण्याची खात्री असलेल्या वस्त्यांवरच वेळ आणि पैसा खर्च करतात. उरलेल्यांचे प्रश्न जाहीरनाम्यात येत नाहीत, आणि जाहीरनाम्यात नाहीत म्हणून ती माणसे पुन्हा मतदानाला येत नाहीत. हे चक्र तोडण्याची पहिली जबाबदारी मी मत मागणाऱ्यांवर आणि यादी सांभाळणाऱ्यांवर टाकतो. मतदाराकडे त्यानंतर बोट दाखवावे.