बेस हाय की!

आमच्या हॉलच्या भिंतीवर चार दिवस झाले, एक हत्ती उभा आहे. लेकीने तीन वर्षांपूर्वी तेलखडूने काढलेला. तो झाकायलाच फिकट पिस्ता रंग आणला, रंगाऱ्याचे पैसे वाचवून मी स्वतः दोन हात मारले, आणि हत्ती पिस्त्यातून माझ्याकडे बघतोच आहे.

दुकानात एका कानात इअरफोन घातलेल्या पोराने विचारलं होतं, "कुठला बेस देऊ?"

"म्हणजे?"

"पेस्टल, डीप, जो पाहिजे तो."

"म्हणजे रंगाचा पाया होय?"

मी त्याच्याशी संस्कृतात बोललोय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मागे फळीवरचा डबा उचलून लांबूनच ओरडला, "बेस हाच ना?"

"बेस हाय की!"

हे मी म्हटलं नव्हतं. शेजारच्या स्टुलावर गावाकडचे एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. ट्रंकेला लावायला पाव लिटर लाल ऑक्साइड न्यायला आलेले. मी वळून त्यांच्याकडे बघेपर्यंत पोराने स्क्रू-ड्रायव्हरने झाकण उघडलं होतं आणि मशीन डब्यात टिपटिप रंग सोडत होतं.

"अहो, थांबा! मी कुठं हो म्हटलं?"

"हे काका म्हणाले ना. तुमच्याबरोबरच आहेत ना?"

"आता हाय की," आजोबा म्हणाले आणि सरकून मला स्टुलावर जागा करून दिली. "पाव्हणं, डबा बेस दिसला, बेस म्हनलं. आमी चुन्यात चिमूटभर नीळ टाकायचो, हानला ब्रश. ना बेस, ना फेस!"

स्वतःच्या कोटीवर ते ठसका लागेस्तोवर हसले. पाणी मी आणून दिलं. पोराने भिंतीवरची पाटी दाखवली: 'मिक्स केलेला रंग परत घेतला जाणार नाही.' पाटी मात्र शुद्ध मराठीत.

नंतर कळलं ते असं. फिकट रंगाच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड भरपूर असते, जुनं सगळं तीच झाकते. गडद रंगाच्या बेसमध्ये ती जवळजवळ नसते. मला मिळाला तो हा दुसरा. त्यात पिस्त्याचे चार थेंब, म्हणजे बिनदुधाचा चहा. वर डबाही लिटरचा नव्हे, 900 मिलीचा. वरची जागा म्हणे रंगाच्या थेंबांसाठी.

आजोबांवर राग नाही. त्यांचा बेस फारसीतल्या 'बेश'चा, त्याला एकच अर्थ: झकास. घोळ घालतो तो इंग्रजी बेस. शाळेत तो लाल लिटमस निळा करायचा. आता पिझ्झ्याखाली असतो, आयपीएलच्या लिलावात खेळाडूच्या नावापुढे असतो. मिरवणुकीत छातीत धडधडतो तो खरं तर वेगळ्या स्पेलिंगचा, पण छातीला स्पेलिंग कुठं कळतं? कळसूबाईचं बेस व्हिलेज बारी, तिथवर ठीक. पण एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प 5,364 मीटरवर! 1,646 मीटरच्या तीन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी त्याच्या खालीच राहतात. कहर म्हणजे या शब्दाचं मूळ ग्रीक 'बासिस', म्हणजे पाऊल टाकणं, आणि त्याचं आपल्या 'गति'शी सख्खं नातं. पायाच चालायला लागला, तर माझ्या भिंतीचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे पाया होता, जोतं होतं, तळ होता, बैठक होती, रंगाऱ्याचं अस्तर होतं. प्रत्येकाला आपापली जागा होती. दुकानात 'अस्तर' म्हटलं, तर पोराने मला समोरच्या कापडवाल्याकडे पाठवलं असतं.

शेवटी रंगाऱ्याला बोलावलंच. त्याने हत्तीवरून नख फिरवलं. "तेलखडू हाय साहेब. घासून अस्तर मारायला पायजे. आधीच बोलावलं असतं तर…" पुढचा आकडा मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

लेक तेवढी खूश आहे. हत्तीला शेपूट काढायचं राहिलं होतं, ते तिने काल काढलं.