काटकसर शेजाऱ्यापासून

सरकारी खर्चाला कात्री लागलीच पाहिजे, हे मत बाळगायला बेळगावइतकं सोयीचं गाव नाही. राज्य कर्नाटकाचं, दावा महाराष्ट्राचा. इथं एका चहात दोन सरकारांना शिव्या घालता येतात. फक्त हे मत कधी बाहेर काढायचं आणि कधी खिशात ठेवायचं, तेवढं जमलं पाहिजे.

पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येईल ती सकाळ उत्तम. टिळकवाडीत एक फेरी मारून कट्ट्यावर बसा आणि म्हणा, "फुकट देऊन देऊन लोकांना आळशी केलं बघा." धुणीभांडी करणाऱ्या बाईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० मिळतात, तिथपासून सुरुवात करा. ऑगस्ट २०२४ पासून सातव्या वेतन आयोगानं तुमचं पेन्शन वाढलं ते मात्र सेवेचं मोल, त्यात गल्लत नको. गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे तुमच्याही घरी शून्य बिल येतं, हे कुणी काढलंच तर सांगा, "आम्ही पंखा जपून वापरतो."

बसचा विषय जरा जपून. बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं. या दोन तारखा जोडून पुरुषजातीवर झालेल्या अन्यायावर अर्धा तास सहज निघतो. पण कोल्हापूरला निघालेल्या सौभाग्यवती शेजारी नसाव्यात. त्या निपाणीपर्यंत आधार दाखवून शून्य तिकिटावर जातात, तिथून लालपरी धरतात, आणि सीमेवरची कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्राचं बायकांसाठीचं अर्धं तिकीट लागू होतं. दोन्ही राज्यांची तिजोरी एकाच दिवसात हलकी करणारी ही बाई घरचीच असल्यामुळे तिला हुशार म्हणावं.

हलग्याच्या सुवर्णसौधावर, म्हणजे कर्नाटकानं बेळगावात बांधलेल्या दुसऱ्या विधानभवनावर, मात्र मोकळेपणी बोला. २०१२ साली उद्घाटन, डिसेंबरात जेमतेम दहा-बारा दिवस अधिवेशन. आपल्याला ती वास्तू तशीही खुपतेच. समोर लॉजवाला असेल तर आवाज खाली, त्याच्या खोल्या त्याच दिवसांत भरतात. त्या इमारतीचा खराखुरा उपयोग २०२२ मध्ये एका कामगार बाईनं केला: समोर छान ऊन होतं, शेवया-पापड वाळत घातले. फोटो फिरले, आणि प्रशासन झपाट्यानं सुधारलं. तिला कामावरून काढलं. ओरड झाल्यावर परत घेतलं, ते वेगळं.

खरी कपात कशी असते, ते खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेत जाऊन बघावं. पद रद्द करा म्हटलं की मोर्चा निघतो; मास्तर रिटायर झाल्यावर जागा तशीच ठेवली तर चिमणीसुद्धा चिवचिवत नाही. कर्नाटकात सगळी सरकारी खाती मिळून अशा अडीच लाखांहून जास्त जागा रिकाम्या आहेत. ना घोषणा, ना निर्णय, ना कुणाची सही. एका फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी, आणि मास्तर टेबलाशी पोषण आहारातल्या अंड्यांचा हिशोब लिहितायत. सोबतीला अतिथी शिक्षक. पाहुण्यासारखा येतो आणि मानधनाची वाट बघत बसतो. तुम्ही याला निःसंकोच 'कार्यक्षमता' म्हणू शकता, कारण तुमची नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. 'मराठी शाळा वाचवा'च्या मोर्चात मात्र पहिल्या रांगेत दिसा. फोटो तिथलाच येतो.

महाराष्ट्रानं आपला दावा असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना मोफत उपचारांची फुले आरोग्य योजना लागू केली, तेव्हा काटकसरीचं तत्त्वज्ञान कुलूपबंद ठेवायचं होतं. बहुतेकांनी ठेवलंही. तो आपला हक्क. कर्नाटकानं हरकत घेतली हा कोतेपणा. पैसा कुठून येणार हे विचारायचा तो प्रसंगच नव्हे.

आणि भाचा तलाठी भरतीचा फॉर्म भरत असेल त्या दिवशी खासगीकरणाचं नाव काढू नका. जागा एवढ्याच का काढल्या म्हणून सरकारवर चिडा, आणि आत ओळखीचं कोण आहे काय बघा.